आकाशाचें छायाचित्र

खंडाळ्याच्या घाटांत किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर उभें राहून घेतलेलें छायाचित्र घरीं आल्यावर पाहिलें, कीं बहुतेकांची निराशा होते. दरी तीच, डोंगरांच्या रांगा त्याच, झाडसुद्धां जागच्या जागीं. मात्र त्या वेळीं मनांत जें दाटून आलें होतें, तें त्या कागदावर कोठेंहि सांपडत नाहीं. मग सगळा दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. यंत्र जुन्या पेटीसारखें असो वा आजच्या मोबाइलमधलें असो, त्याला समोरचा प्रकाश तेवढा कळतो. पाहणाराच्या मनाशीं त्याची ओळख नसते. मग ज्यांच्या चित्रांतून मन दिसतें, त्यांच्या चित्रांत तें शिरलें कोणत्या वाटेनें? तीन छायाचित्रकारांच्या भ्रमंतीकडे पाहिलें, तर या प्रश्नाचा उलगडा थोडाबहुत होतो. आणि नवल असें, कीं तिघांच्याहि बाबतींत नजर शेवटीं आकाशाकडेच वळते.

पहिला सॅम्युअल बोर्न. नॉटिंगहॅम येथील बँकेंतली कारकुनी सोडून हा तरुण इंग्रज १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला आणि त्याच वर्षीं जुलैच्या अखेरीस सुमारें तीस हमाल घेऊन सिमल्याहून हिमालयांत शिरला. त्या काळीं छायाचित्राची सहल म्हणजे एक लहानशी स्वारीच असे. कांचेच्या तावदानावर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, तें चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाचें, ओलें असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत नेऊन धुवावयाचें. हें सर्व कांहीं मिनिटांत! म्हणजे कांचा, औषधांच्या बाटल्या, तंबू, पाणी हें सारें ज्या कड्यावर चित्र घ्यावयाचें, त्याच कड्यावर हवें. अशा रीतीनें पहिल्याच फेरींत बोर्ननें १४७ कांचा तयार केल्या. पुढें १८६६ सालीं तो मणिरंग खिंडीपर्यंत, सुमारें १८,६०० फूट उंचीवर, हें सगळें बिऱ्हाड घेऊन गेला. तेवढ्या उंचीवर त्यापूर्वीं कोणी छायाचित्र घेतल्याची नोंद नाहीं.

या माणसाच्या मनांत काय होतें, हें कळण्याची सोय त्यानेंच करून ठेविली आहे. कारण इंग्लंडांतील छायाचित्रणविषयक नियतकालिकांत त्यानें आपल्या प्रवासाचीं लांबलचक पत्रें छापविलीं. त्यांत हिमालयाच्या भव्यतेनें तो दिपून गेलेला दिसतो, आणि त्याबरोबरच कुरकुरतांनाहि दिसतो. सिमल्याभोंवतीं तळीं नाहींत, धड ओढे नाहींत, विलायतेंतल्या सारखें नेटकें दृश्य चौकटींत बसत नाहीं, ही त्याची तक्रार! हिमालयानें स्कॉटलंडसारखें वागावें, ही अपेक्षा आज हास्यास्पद वाटते. तथापि प्रत्येक प्रवासी थोडेंबहुत हेंच करीत असतो. ओझें टाकून पळालेल्या हमालांना आपण काठीचा प्रसाद दिला, हेंहि बोर्न मोकळेपणानें लिहून जातो. त्याच्या चित्रांतील शिखरें अत्यंत शांत आहेत. तीं पाहणाराला त्या शांततेखालचे वाकलेले खांदे दिसत नाहींत, आणि त्या खांद्यांच्या मालकांना हिमालय कसा वाटला, हें कोणी विचारलें नाहीं. बोर्नच्या थोरवीला त्यामुळें बाध येत नसेल; पण चित्रामागची भावना म्हणतांना ती कोणाची, हें विचारणें भाग पडतें.

त्याच्या आकाशाची गोष्ट वेगळी. कलोडियनची कांच निळ्या प्रकाशाला फार हळवी असे. म्हणून डोंगर नीट उठेपर्यंत वरचें निळें आकाश साफ पांढरें होऊन जाई, आणि बहुधा ढगहि त्या पांढऱ्यांत विरून जात. हिमालयाच्या अनेक जुन्या चित्रांतलें तें रितें, कोरें आभाळ पाहून पुष्कळांना विरक्तीचा भास होतो. ती विरक्ति रसायनाची आहे, बोर्नची नव्हे.

पुढें कांचा सुधारल्या. १९२२ सालच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क संस्थानांतील लेक जॉर्ज येथें आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या नामांकित छायाचित्रकारानें कॅमेरा सरळ आकाशाकडे वळविला. निमित्त झालें एका टीकेचें. याचीं माणसांचीं चित्रें प्रभावी वाटतात, त्याचें कारण समोर बसणारावर तो मोहिनी घालतो, असें एका तरुण साहित्यिकानें म्हटलें होतें. ढगांवर मोहिनी घालतां येत नाहीं! तेव्हां ढगच घ्यावयाचे, असें स्टीग्लिट्झनें ठरविलें. पण ईर्ष्या हें झालें वरवरचें कारण. त्यानें स्वतः लिहिलेल्या हकीकतींत त्या उन्हाळ्याचें वर्णन आहे: आई मरणाच्या वाटेवर, घराण्याच्या मिळकतीची वाताहत चाललेली, आणि सदतीस वर्षांचा म्हातारा घोडा सत्तर वर्षांच्या गाडीवानानें कसाबसा जगविलेला. यांतलें कांहींहि त्या चित्रांत नाहीं. आहेत ते काळे-पांढरे ढग, खालीं टेकडीची एखादी रेघ. पुढच्या चित्रांत तीहि नाहीं. वर कोणतें आणि खालीं कोणतें, हेंसुद्धां कित्येकांत समजत नाहीं. या चित्रांना त्यानें पुढें जें नांव दिलें, त्याचा अर्थ ‘समतुल्य’ असा होतो. मनांत जें चाललें आहे त्याच्या तोलाचें कांहींतरी बाहेर आढळलें, एवढाच त्याचा दावा. आईचें दुखणें ठाऊक नसलेल्या माणसालाहि ते ढग पाहून गलबलून येत असेल, तर तो दावा खरा मानावा लागेल.

तिसरा ॲन्सेल ॲडम्स. १० एप्रिल १९२७ रोजीं कॅलिफोर्नियांतील योसेमिटी दरींत, भावी पत्नी आणि कांहीं मित्र यांच्यासह, बर्फ तुडवीत तो हाफ डोम या प्रचंड सुळक्यासमोरच्या कड्यावर चढला. वय पंचवीस, पाठीवर कॅमेरा आणि बारा कांचा. इष्ट जागीं पोंचला तेव्हां त्यांतल्या दोनच उरल्या होत्या. पहिली त्यानें नित्याप्रमाणें पिवळी गाळणी लावून वापरली, आणि लगेच त्याच्या ध्यानांत आलें, कीं या कांचेवर कडा येईल, पण त्या कड्याखालीं उभें राहतांना वाटणारी धास्ती येणार नाहीं. शेवटच्या कांचेच्या वेळीं त्यानें गडद लाल गाळणी लावली. लाल कांच निळा प्रकाश अडविते. त्यामुळें निळें आभाळ जवळजवळ काळें उमटलें, आणि तो उघडा कडा त्यावर चालून आल्यासारखा दिसूं लागला.

एप्रिलच्या त्या दिवशीं आकाश काळें नव्हतें, हें उघड आहे. मग हें चित्र खोटें म्हणावयाचें काय? बोर्नचें पांढरें आभाळहि खरें नव्हतेंच. फरक एवढाच, कीं तें त्याच्या हातांत नव्हतें, आणि ॲडम्सनें हें आधीं मनांत पाहिलें व मग घडविलें. खोटेपणा म्हणावयाचा तर दोन्ही खोटीं आहेत, आणि त्यांत जाणून केलेलें अधिक प्रामाणिक आहे.

त्याची पुढची एक हकीकत याहून बोलकी आहे. १ नोव्हेंबर १९४१ रोजीं सायंकाळीं न्यू मेक्सिको संस्थानांतील हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवलेला आणि स्मशानांतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हांत उजळलेले त्यानें गाडींतून पाहिले. (ही तारीख त्यानें लिहून ठेविली नव्हती, चंद्राच्या जागेवरून ज्योतिर्विदांनीं ती पुढें गणित करून काढली.) प्रकाश मोजण्याचें यंत्र सांपडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती. तिच्यावरून हिशेब करून त्यानें एक चित्र घेतलें. दुसऱ्यासाठीं फिल्म फिरवावी, तों क्रूसांवरचें ऊन निघून गेलें.

त्या एका निगेटिव्हवरून त्यानें जन्मभर तेराशेंहून अधिक प्रती स्वतः काढल्या. प्रारंभींच्या प्रतींत आकाश करडें असून त्यांत ढगांचे पुसट पट्टे दिसतात. पुढच्या प्रतींत तें उत्तरोत्तर गडद होत गेलें, ढग बुडाले, आणि उतारवयांतल्या प्रतींत चंद्राच्या वर निव्वळ काळोख उरला. १९८४ सालीं तो वारला. निगेटिव्ह अ‍ॅरिझोनांतील टूसान येथील संग्रहांत जपून ठेविलें आहे. त्यांत ते ढग अद्याप आहेत.