मिरचीला गेलेल्यांची नोंदवही



नागभीड हे झाडीपट्टीतले रेल्वेचे जंक्शन. भोवतालचा सारा मुलूख धानाचा, आणि धानही बहुतेक ठिकाणी एकाच हंगामाचे. मळणी आटोपून कोठी भरली की अल्पभूधारकाच्या आणि भूमिहीनाच्या हाताला काम उरत नाही. याच सुमारास मुकादम गावात येतो, थोडी उचल देतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणातील खम्मम, वरंगळच्या बाजूला मिरची तोडण्यासाठी निघतात. मजुरी किलोवर. काटा मालकाचा, हिशेबाची वही मुकादमाची आणि भोवतालची भाषा तेलुगू. मोहफुले व तेंदूपत्त्याच्या दिवसांत ही मंडळी परततात.

एकेका गावातून नेमकी किती माणसे जातात, हे मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. याच ब्रह्मपुरी वनविभागात वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची छायाचित्रे घेऊन एकेका वाघाची ओळख ठेवली जाते. ती ठेवावीच, त्याविषयी तक्रार नाही. पण वाघ कोणत्या नाल्याकाठी फिरला हे सांगता येते आणि त्याच नाल्याकाठचा माणूस तीन महिने कोणत्या शेतात राबला हे सांगता येत नाही, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे.

स्थलांतराचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या संस्थांचे महत्त्व येथे कळते. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेत के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन यांनी १९९८ मध्ये केरळ स्थलांतर सर्वेक्षण सुरू केले. घरोघरी जाऊन कोण परदेशी आहे, काय कमावतो, किती पाठवितो, मागे कोण उरले, याची विचारपूस झाली. त्या वर्षी सुमारे १३.६ लाख केरळीय परदेशात असल्याचा अंदाज निघाला. सर्वेक्षण पुढे काही वर्षांच्या अंतराने होत राहिले. २०२३ मध्येही झाले. आखातात संकट आले की केरळचे सरकार आकडे हाती धरून दिल्लीशी बोलते, त्यामागे ही चिकाटी आहे. राजकीय विचार वेगळा असला तरी हा गुण घेण्यासारखा आहे.

राजस्थानात उदयपूरच्या आजीविका ब्युरोने २००५ पासून अभ्यासाला सेवेची जोड दिली. गुजरात-मुंबईकडे जाणाऱ्या मजुरांना ओळखपत्र देणे, थकलेल्या मजुरीसाठी कायदेशीर साहाय्य करणे, अशी तिची कामे. मुंबईच्या इंडिया मायग्रेशन नाऊ या संस्थेने २०१९ मध्ये परप्रांतीय मजुरांसाठी राज्यांची धोरणे कितपत अनुकूल आहेत, याची तुलना केली. त्यात केरळ पुढे ठरले.

सरकारी मोजणीचे काय? २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित प्रवासाचे आकडे तपासून, २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सुमारे ९० लाख माणसे कामासाठी राज्याबाहेर जातात, असा अंदाज बांधला. युक्ती नामी, पण मुकादमाने ठरविलेल्या गाडीत रात्री बसणारा नागभीडचा मजूर त्या तिकिटांत कोठून येणार? २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदले गेले. त्यांत विवाहानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांचाच भरणा मोठा; हंगामी मजुराचे चित्र त्यातून उमटत नाही.

या अज्ञानाची किंमत मार्च २०२० मध्ये मोजावी लागली. टाळेबंदी लागली तेव्हा मिरचीचा हंगाम चालू होता. चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तेलंगणात अडकले. कित्येक जण जंगलवाटांनी पायी परतले. शेजारच्या छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यातील १२ वर्षांची एक मुलगी तेलंगणातील मिरचीच्या शेतातून घरी चालत निघाली आणि एप्रिल २०२० मध्ये, घर थोडेच दूर असताना, वाटेतच गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाटेत मरण पावलेल्या मजुरांचा आकडा संसदेत विचारला गेला, तेव्हा अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर मिळाले.

कायदा नव्हता असे नाही. ओडिशातील 'दादन' मजुरांच्या पिळवणुकीची दखल घेऊन १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, प्रवासभत्ता, विस्थापनभत्ता, सारे त्यात होते. मिरचीच्या शेतावर यातले काय पोहोचले, हे मजुरालाच विचारावे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. स्वतःहून परराज्यात गेलेला मजूरही आता व्याख्येत आला, ही जमेची बाजू. मात्र आस्थापनेतील अशा मजुरांची किमान संख्या पाचावरून दहावर गेली आणि विस्थापनभत्ता वगळला गेला. आज एका शेतात, चार दिवसांनी दुसऱ्या शेतात काम करणारी टोळी कोणत्या आस्थापनेत धरायची, हा प्रश्न तसाच आहे.

राज्याची सीमा ओलांडली की हक्क कसा गळतो, याचे दुसरे उदाहरण गडचिरोलीतच आहे. पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून आलेल्या बंगाली हिंदूंना चामोर्शी, मुलचेरा परिसरात वसविण्यात आले. शासनाने त्यांची यादी केली, म्हणून जमीन देता आली. परंतु नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत असूनही महाराष्ट्राच्या यादीत नाही.

काही मार्ग मात्र मोकळे झाले आहेत. एक देश, एक शिधापत्रिका ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. खम्ममच्या रेशन दुकानातही नागभीडच्या कुटुंबाला धान्य मिळू शकते. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने चंद्रपूरसह काही जिल्ह्यांत स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्याचा प्रयोग केला. अंगणवाडीतील बालकाची नोंद होऊ शकते, तर त्याच्या बापाच्या मजुरीची का नाही?

त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. धानाची मळणी चालू असतानाच, मुकादम येण्यापूर्वी, प्रत्येक गावातील दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी एक साधी वही करावी. जाणाऱ्याचे नाव, मुकादमाचे नाव व गाव, उचल किती, किलोचा ठरलेला भाव, तेलंगणातील गाव आणि मंडल, सोबत नेलेली मुले व त्यांची इयत्ता, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे कोण पाहणार, इतके रकाने पुरेत. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, एक शाळेत. मंडळी परतल्यावर तीच वही पुन्हा उघडावी आणि ठरलेल्या भावापुढे हाती पडलेला भाव लिहावा.