भुकटीतून घडलेले इंजिन

पीएसएलव्ही या भारतीय प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यातील पीएस-4 हे द्रव-इंधन इंजिन पूर्वी 14 भाग जोडून तयार होत असे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने धातूच्या त्रिमितीय मुद्रणासाठी, म्हणजेच थरावर थर चढवून वस्तू घडवण्याच्या तंत्रासाठी, त्याची नव्याने रचना करून ते एकसंध घडवून घेतले आणि 9 मे 2024 रोजी त्याची 665 सेकंदांची ज्वलनचाचणी यशस्वी झाली.

या पद्धतीत धातूच्या बारीक भुकटीचा साधारणतः 30 ते 60 मायक्रॉन जाडीचा थर सपाट तबकावर पसरला जातो, संगणकातील आराखड्याबरहुकूम लेसर किरण तो हव्या तेवढ्याच जागी वितळवून खालच्या थराशी एकजीव करतो, आणि तबक किंचित खाली सरकले की पुढचा थर चढतो. तप्त धातूचा प्राणवायूशी संयोग होऊ नये म्हणून हे सारे आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत चालते. परिणामी पीएस-4 मधील वेल्डिंगचे 19 सांधे नाहीसे झाले आणि एका इंजिनासाठी लागणारा 565 किलो कच्चा माल 13.7 किलो भुकटीवर आला, ही बचत खरोखर थक्क करणारी आहे.

मात्र अंतर्गत ताण घालवणारे उष्णोपचार, विद्युत ठिणगीने कापणाऱ्या तारेने (वायरकट) भाग तबकापासून सोडवणे, छपाईवेळी त्याला दिलेले आधार काढणे, आत पोकळी राहिली नाही ना याची क्ष-किरण तपासणी, एवढे सोपस्कार उरतातच. त्यामुळे लाखोंनी लागणाऱ्या साध्या भागांसाठी ओतकाम व फोर्जिंगच परवडते. आणि जुन्याच ड्रॉइंगवरून भाग जसाच्या तसा छापू पाहणाऱ्या कारखान्याच्या पदरी या तंत्राचा खर्च तेवढा पडतो, लाभ नव्हे.