माजी सैनिकांची शुश्रूषा आणि गावाचा पैसा

(सरपंच, पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दरवर्षी ७ डिसेंबर रोजी शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून छोटे कागदी ध्वज वाटले जातात, आणि ज्याची जशी ऐपत तसा निधी गोळा होतो. १९४९ सालापासून चालत आलेला हा सशस्त्र सेना ध्वजदिन आता आपल्या सार्वजनिक जीवनाचा एक परिपाठच झालेला आहे. शिक्षकांनी मुलांकडून जमविलेली नाणी जिल्ह्यास जातात, जिल्ह्याचा आकडा राज्यास जातो, आणि इष्टांक पूर्ण झाला की गावाच्या दृष्टीने तो विषय पुढील डिसेंबरपर्यंत मिटतो. वस्तुतः प्रश्न तेथून सुरू होतो. ज्या गावाने ध्वज विकत घेतला त्याच गावाच्या वरच्या वाडीत ऐंशीच्या घरातील एक निवृत्त हवालदार किंवा त्याची विधवा पत्नी राहत असते. तिच्या औषधपाण्याची, ये-जा करण्याची, कागदपत्रांची काळजी वर्षाचे उरलेले ३६४ दिवस कोणी घ्यावयाची?

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर असे असते की, ‘सैनिक म्हणजे केंद्र सरकारचा विषय.’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संरक्षण आणि केंद्राची निवृत्तिवेतने हे विषय संघसूचीत आहेत, हे खरेच. परंतु त्याच अनुसूचीतील राज्यसूचीच्या नवव्या नोंदीत अपंग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य हा विषय राज्याकडे दिलेला आहे. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, अकराव्या अनुसूचीत जे २९ विषय पंचायतींसाठी नमूद झाले त्यांत आरोग्य आहे, समाजकल्याण आहे आणि त्यात अपंगांचे कल्याणही आहे. सारांश, सैनिकाचे पेन्शन दिल्लीने द्यावयाचे. पण तो म्हातारा झाला, खाटेस खिळला, त्याच्या डोळ्यांस दिसेनासे झाले की तो गावाचा रहिवासी म्हणून गावाच्याच जबाबदारीत येतो. गणवेश उतरल्यावर माणूस अखेर गावीच परततो.

केंद्र व राज्य यांनी जी व्यवस्था उभारली आहे ती लहान नाही, आणि तिची ओळख पंचायत सदस्यांस असली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली सैनिकांच्या हिताकरिता एक मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. तेच आज केंद्रीय सैनिक मंडळ म्हणून ओळखले जाते. राज्यात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्या हाताखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये काम करतात. जिल्हा मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या मंडळांच्या आस्थापनेचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के अशा प्रमाणात उचलावयाचा असतो. खडकी येथे १९७४ पासून पक्षाघाती सैनिकांचे पुनर्वसन केंद्र चालते, व मणक्यास इजा झालेल्या जवानांना तेथे आयुष्यभराचा आसरा मिळतो. आरोग्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. गावात तिला सर्वजण ‘ईसीएचएस’ असेच म्हणतात. पेन्शनधारकाने एकदा वर्गणी भरली की त्याला व त्याच्या पत्नीला पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे आणि तेथून पुढे मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार मिळतात.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांचा वर्ग निराळा. शिपायाला साधारणतः पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते. त्याआधीच काही कारणाने घरी आलेल्या माणसाच्या हाती डिस्चार्ज बुकापलीकडे फारसे काही नसते. अशा हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या, पासष्ट वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना ध्वजदिन निधीतून दरमहा अनुदान मिळते. ते चार हजार रुपये होते. संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते दुप्पट करून आठ हजार केले आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना नवा दर लागू केला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करावयाचा असतो. आपल्या गावात असा कोणी आहे काय, हे मात्र जिल्ह्याच्या कार्यालयास गावाने कळविल्यावाचून समजण्याचा मार्ग नाही.

इतके सर्व असताना उणीव कोठे राहते? ती शेवटच्या चाळीस किलोमीटरांत राहते. पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावी असते. माण-खटावच्या माळावरचा, महाड-खेडच्या डोंगरातला किंवा चंदगडच्या एखाद्या वाडीतला वृद्ध सैनिक तेथे कसा पोहोचणार? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, ही मोठीच सोय झाली. परंतु भाडे माफ झाले म्हणून वाडीपासून थांब्यापर्यंतची चढण कमी होत नाही, आणि गुडघे गेलेल्या माणसाला बसच्या पायऱ्या चढविण्यास कोणी सोबत येत नाही. मुलगा पुण्या-मुंबईस. सून रोजगारास गेलेली. औषधे ठराविक मुदतीचीच मिळत असल्याने ही फेरी पुनःपुन्हा करावी लागते. मग एक फेरी चुकते, दुसरी चुकते, रक्तदाबाची गोळी बंद होते, आणि ज्याच्या नावाने कार्ड आहे तो घरच्या खाटेवरच राहतो. कार्ड मात्र ट्रंकेत सुरक्षित असते! ही फेरी पेन्शनच्या नियमांत बसत नाही, आरोग्य योजनेच्या नियमांतही बसत नाही. ती बसू शकेल असे एकच अंदाजपत्रक आहे, ते म्हणजे गावाचे.

महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांनी माजी सैनिकांसाठी आजवर काही केले नाही असे मुळीच नव्हे. २०२० साली राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टीतून सूट देण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वी ही सवलत शौर्यपदकधारक व शहिदांच्या पत्नी यांच्यापुरतीच होती. हा निर्णय योग्यच झाला. तथापि करमाफीचा गुणधर्मच असा आहे की ज्याचे घर मोठे त्याचा लाभ मोठा, आणि ज्याचे घर कौलारू दोन खणांचे त्याचा लाभ वर्षाला काहीशे रुपयांचा. सैनिकांची वस्ती दाट असलेल्या गावांत, सातारा जिल्ह्यातील आपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी यांसारख्या घरटी सैनिक देणाऱ्या गावांत, पंचायतीचे उत्पन्न त्यामुळे कमी होणे स्वाभाविक आहे. म्हणजे जेथे सेवेची गरज अधिक तेथेच तिजोरी हलकी. सूट देऊन सैनिकाचा मान राखला गेला, त्याची शुश्रूषा मात्र व्हावयाची राहिली आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून ‘आम्ही आमचे कर्तव्य केले’ असे समाधान मानणे पंचायतीला परवडणारे नाही.

याच्या नेमका उलट मार्ग अमेरिकेतील ओहायो राज्याने धरलेला आहे. तेथे १८८६ साली, यादवी युद्धातील वृद्ध व विपन्न सैनिकांसाठी, प्रत्येक कौंटीत एक साहाय्य मंडळ कायद्याने स्थापन झाले. कौंटी म्हणजे सर्वसाधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा घटक; त्या राज्यात अशा ८८ कौंट्या आहेत. तेच मंडळ आज पाच माजी सैनिकांच्या आयोगाच्या रूपाने काम करते. त्याचा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागवला जातो आणि त्याची कमाल मर्यादा करयोग्य मूल्याच्या दर हजार डॉलरमागे अर्धा डॉलर अशी आहे. अडचणीतील सैनिक कुटुंबास तातडीची मदत देणे, केंद्रीय योजनांचे अर्ज भरून देणे आणि माजी सैनिकांना केंद्र सरकारच्या रुग्णालयापर्यंत नियमित वाहनाने नेऊन परत आणणे, ही त्या आयोगाची कामे आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेथे रुग्णालय केंद्राचे आहे, डॉक्टर केंद्राचा आहे; गाडी तेवढी कौंटीची आहे. अमेरिकेची श्रीमंती आपल्याकडे नाही, पण ही विभागणी करावयास श्रीमंती लागत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, एका गावात नियमित औषधोपचार लागणारे बारा माजी सैनिक व विधवा आहेत आणि पॉलिक्लिनिक चाळीस किलोमीटरवर आहे. भाड्याच्या जीपने महिन्यातून दोन फेऱ्या करावयाच्या व एका फेरीस अडीच हजार रुपये द्यावयाचे, तर महिन्याचे पाच हजार व वर्षाचे साठ हजार रुपये होतात. एका लहान ग्रामपंचायतीस हे जड वाटेल. पण रस्त्यावरच्या पाच गावांनी मिळून एकच जीप ठरविली आणि बाराच जणांची पाळी लावली, तर प्रत्येक गावाच्या वाट्यास वर्षाचे बारा हजार येतात. गावातील दिवाबत्तीच्या किंवा कमानीच्या खर्चाशी या आकड्याची तुलना ज्याची त्याने करावी.

हा पैसा कोठून आणावयाचा? पहिला मार्ग स्वनिधीचा. स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन ग्रामपंचायतींवर आहेच. ज्या माजी सैनिकाकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे तो या निधीचा इतरांइतकाच हक्कदार आहे. परंतु ‘याला पेन्शन आहे’ म्हणून त्याचे नाव यादीत घेतलेच जात नाही, असे घडू शकते. ऐकू न येणारा जुना तोफखान्याचा जवान किंवा पाय गमावलेला शिपाई यांचे नाव यादीत आहे की नाही, हे सदस्यांनी एकदा स्वतः तपासावे. दुसरा मार्ग वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधून दिली आणि ४० टक्के स्थानिक गरजांसाठी अबंधित ठेवली. वेतन व आस्थापना यांवर मात्र ती खर्च करता येत नव्हती. पुढील आयोगाच्या अनुदानाच्या अटी पाहूनच पुढची तरतूद करावी लागेल. तिसरा मार्ग जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्या सेसचा. अनेक गावांच्या सामाईक जीपचा करार तालुका पातळीवर झाला तर लेखापरीक्षणाच्या दृष्टीनेही तो सोयीचा ठरेल. कोणताही मार्ग धरला तरी ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात हे काम नावानिशी आले पाहिजे व ग्रामसभेने ते मंजूर केले पाहिजे. एरवी लेखापरीक्षक आक्षेप घेतील, आणि ते त्यांचे कर्तव्यच आहे.

येथे एक शंका हमखास निघते. पेन्शन नसलेला शेतमजूरही म्हातारा होतो. मग सैनिकालाच जीप का? शंका रास्त आहे, आणि तिला भावनेच्या भरात बाजूस सारू नये. जीपमध्ये जागा असेल तर त्याच रस्त्याने जिल्हा रुग्णालयास जाणाऱ्या इतर वृद्धांस घेण्यास काहीच हरकत नसावी. सैनिकापासून सुरुवात करण्याचे कारण व्यावहारिक आहे. त्याचे उपचार आधीच मंजूर आहेत, त्यांचा पैसा केंद्राने भरलेला आहे, फक्त पोहोचण्याची अडचण आहे. थोड्या खर्चात मोठा लाभ गावात आणण्याची अशी संधी दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत क्वचितच मिळते.

जिथे एक रुपयाही जादा लागत नाही असे एक काम शेवटी सांगितले पाहिजे. वर्षातून एकदा पेन्शनधारकाने हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेकांसाठी त्याचा महिना नोव्हेंबर असतो. २०१४ पासून तो अंगठा लावून संगणकावरूनही देता येतो, आणि संरक्षण दलांची पेन्शने आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून मिळतात. तरुणांना हे सोपे वाटते. पण जिच्या बोटांचे ठसे चुलीपुढे झिजून गेले आहेत, जिचे नाव डिस्चार्ज बुकात ‘सोनाबाई’ आणि आधारपत्रावर ‘सोनुबाई’ असे पडले आहे, तिचे पेन्शन दाखल्याअभावी थांबले तर तिला त्याचे कारणही कळत नाही. दाखला दिल्यावर थकबाकी मिळते हे खरे, पण मधले महिने दुकानदाराच्या उधारीवर काढावे लागतात. ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रातील चालकाने नोव्हेंबरातील दोन दिवस संगणक व ठसायंत्र घेऊन वाड्यावस्त्यांवर जावे, असा ठराव करण्यास कोणती अडचण आहे? नावातील तफावत दुरुस्त करण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जो अर्ज करावा लागतो, तो लिहून देण्यास गावातील शिक्षकाइतका योग्य माणूस नाही. ध्वजदिनाचा निधी त्याने मुलांकडून जमविलेलाच असतो. हा अर्ज हे त्याच कामाचे पुढचे पान समजावे.

या सर्वांस आधार हवा तो एका वहीचा. गावातील प्रत्येक माजी सैनिक व सैनिक विधवा यांचे नाव, वय, पेन्शन आहे की नाही, ईसीएचएस कार्ड आहे की नाही, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, नेहमीचे औषध, घरात सोबतीला कोण, आणि अडचणीच्या वेळी कळवावयाचा दूरध्वनी, एवढे रकाने त्यात पुरेत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी ही वही तयार झाली तर नोव्हेंबरातील दाखल्यांची फेरी तिच्यावरून आखता येईल, डिसेंबरात ध्वजदिनाच्या वेळी जिल्हा कार्यालयास तिची प्रत देता येईल, आणि पुढील वर्षाच्या आराखड्यात जीपसाठी नेमकी किती रक्कम धरावयाची हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यास अंदाजाने ठरवावे लागणार नाही.