पोटातले ओठांवर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात बोलावयास उभे राहिले की शिक्षण, काटकसर किंवा विवाहातील अनिष्ट चाली यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज आम्ही तो मोडणार आहोत. आमचा विषय शौचाचा आहे. पंक्ती बसण्यास अद्याप दीड तास अवकाश आहे, अशी चिटणीसांकडून खात्री करून घेऊनच आम्ही उभे राहिलो आहोत.

प्रथम एक कबुली. आमचे वजन एके काळी १२८ किलो होते, हे जुन्या मंडळींस स्मरत असेल. ज्ञातिभोजनात आग्रहास नकार देणे आम्हांस कधीच साधले नाही. पुढे आम्ही दीड वर्षात ८४ किलोवर आलो, तेव्हा अनेकांनी रहस्य विचारले. ‘पहाटेचे फिरणे,’ असे आम्ही सांगत असू. ते असत्य होते. २०१९ साली आम्ही जठराची बायपास शस्त्रक्रिया करून घेतली होती. तीत जठराच्या वरच्या टोकाची एक लहानशी थैली वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. त्यामुळे माणूस थोडक्यात तृप्त होतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. मेसन आणि डॉ. इटो यांनी १९६६ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. म्हणजे त्यात लपविण्यासारखे नवल काहीच नव्हते. लपविली ती केवळ लाजेने.

२०२३ साली आम्हांस जिना चढताना धाप लागू लागली. रक्तातील हिमोग्लोबिन ८.६ भरले. या शस्त्रक्रियेनंतर अन्नातील लोह अंगी कमी लागते. तेव्हा कारण तेच असणार, असे घरी सर्वांनी गृहीत धरले. परंतु गेले सहा महिने शौचावाटे अधूनमधून रक्त जात होते, हे एकट्या आम्हांसच ठाऊक होते. मूळव्याध असेल, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. अखेर धुण्यातील लेंग्यावरचा डाग पाहून घरातून विचारणा झाली. ‘अहो, खोटे बोलल्याबद्दल वर्गातल्या पोरांना पट्टी मारायचात ना? आता डॉक्टरांशी तरी खरे बोला,’ एवढेच त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, करण्यास सांगितले. बायपासमध्ये मोठ्या आतड्यास हात लावलेला नसतो. इतरांच्या आतड्यास जे रोग होतात, ते आपल्यासही होऊ शकतात. उलट आपल्यास धोका एका परीने अधिक, कारण वजन घटले अथवा रक्त कमी झाले की सारा दोष शस्त्रक्रियेवर टाकून आपण मोकळे होतो.

या तपासणीपूर्वी आतडे स्वच्छ व्हावे लागते. त्यासाठी पॉलिएथिलिन ग्लायकॉल नावाची भुकटी पाण्यात विरघळवून पितात. ती अंगात शोषली जात नाही. पाणी आतड्यातच धरून ठेवते आणि मळ वाहून नेते. नाव नोंदविताना परिचारिकेने विचारले, ‘पूर्वी काही शस्त्रक्रिया?’ आमच्या मागे रांगेत दोन परिचित उभे होते. आम्ही ‘नाही’ म्हणालो. मग सर्वांसाठी छापलेला कागद आम्हांसही मिळाला : दर १० मिनिटांनी एक पेला. आमच्या थैलीत तो मावणार कसा? तिसऱ्या पेल्यास उलटी झाली, उरलेले औषध मोरीत गेले, आणि दुसऱ्या दिवशी आतडे अस्वच्छ म्हणून तपासणी अर्ध्यावर सोडावी लागली. दिवस गेला, पैसे गेले. दोष सर्वस्वी आमचा.

दुसऱ्या खेपेस आम्ही सारे सांगितले. डॉक्टरांनी निराळे वेळापत्रक आखून दिले. लोहाच्या गोळ्या ७ दिवस आधी बंद, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. मधुमेहाच्या औषधाचे प्रमाण बदलले. रक्त पातळ करणारे औषध कोणी घेत असल्यास तेही डॉक्टरांस विचारूनच थांबवावयाचे असते. तीन दिवस भाकरी, पालेभाजी, पेरू, अंजीर, तीळ वर्ज्य. मऊ भात आणि मुगाचे वरण चालले. आदल्या दिवशी केवळ नितळ पेये : गाळलेले मुगाचे पाणी, शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत मात्र नाही. त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. साखरेची सरबतेही आम्ही टाळली, कारण बायपासनंतर फार गोड पेय एकदम आतड्यात उतरले की घाम फुटून छाती धडधडू लागते.

औषध एकूण दोन लिटर होते. अर्धे आदल्या सायंकाळी, अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे. आणि तपासणीपूर्वी दोन तास सर्व पिणे संपवावयाचे. दर १५ मिनिटांस १०० मिलिलिटर, तेही घोट घोट. एका लिटरास अडीच तास लागले, पण उलटी झाली नाही. ही आमची मात्रा आहे; आपली आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावी.

प्रत्यक्ष तपासणीचे भय व्यर्थ होते. डाव्या कुशीवर निजविले, शिरेतून गुंगीचे औषध दिले, आणि जाग आली तेव्हा अर्धा तास लोटला होता. त्यानंतर काही वेळ पोटात वायू धरल्यासारखे वाटले. त्या दिवशी वाहन चालवावयाचे नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करावयाची नाही. सोबतीस घरचे माणूस हवेच.

आतड्यात दोन गाठी निघाल्या. मोठी १२ मिलिमीटरची होती. दोन्ही त्याच वेळी दुर्बिणीतून काढून टाकल्या. पोट न उघडता अशी गाठ काढण्याची किमया न्यूयॉर्क येथे डॉ. वुल्फ आणि डॉ. शिन्या यांनी १९६९ साली साधली होती. आमच्या गाठींत कर्करोग नव्हता. परंतु मोठी गाठ कर्करोगाकडे जाणाऱ्या जातीची होती. अशा गाठीस तेथवर जाण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात, आणि तीच वर्षे आपल्या हाती असतात. आता तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.

डॉक्टरांनी विचारले, ‘घराण्यात कोणास हा रोग होता काय?’ आम्ही निरुत्तर झालो. आमचे चुलते ‘पोटाने’ गेले, इतकेच लहानपणी कानी आले होते. कोणत्या पोटाने, ते कोणी बोलले नाही. बंधूंनो, आपल्या मंडळाने वंशावळी छापल्या. सात पिढ्यांची नावे आम्ही धडाधड म्हणून दाखवू. पण त्यांतील कोण कशाने गेला, हे आपणांस ठाऊक नाही. आईवडील अथवा भावंडे यांपैकी कोणास आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ही तपासणी ४० व्या वर्षी, किंवा त्या नातलगास ज्या वयात रोग झाला त्याच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा करावी, असा वैद्यकांचा सल्ला आहे. आमच्यासारखी मोठी गाठ निघालेल्याच्या मुलांसही तो बहुधा लागू पडतो. आम्ही दोन्ही मुलांस समोर बसवून सर्व सांगितले. थोरला ४१ वर्षांचा आहे. त्याने तपासणीची तारीख घेतली आहे.

आम्ही ३४ वर्षे मुलांस शिकविले. पण स्वतःच्या मुलांस शिकविलेला सर्वांत उपयोगी धडा हाच असावा. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांनी आपापल्या मुलांस एवढे अवश्य सांगावे.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. पाने मांडली जात आहेत. आम्ही पंक्तीस बसूच. पण आज कोणी आग्रह करू नये. आता कारण आपणां सर्वांस ठाऊक झाले आहे.