स्कूटरचा जाम झालेला प्लग

छत्रपति संभाजीनगराजवळील वाळूज येथें बजाजचा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला. राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करणारी जुनी ‘चेतक’ स्कूटर या शहरांतील कित्येक अंगणांत वडिलांची आठवण म्हणून अद्याप उभी आढळते. दीर्घ काळ न हलविलेला तिचा प्लग हेडांत घट्ट धरून बसतो.

प्लग पोलादी, हेड अल्युमिनियमचें. जोर केल्यास मऊ अल्युमिनियमचे आटेच प्लगाबरोबर उपटून येतात, आणि क्षुल्लक प्लगापायीं हेड गमावावें लागतें.

यास्तव प्रथम पेट्रोलचा कॉक बंद करावा. प्लगाभोंवतालची धूळ काढून बुडाशीं गंज सोडविणारें तेल घालावें व रात्रभर थांबावें. सकाळीं गरम पाण्यांत पिळलेलें फडकें हेडाभोंवतीं गुंडाळावें. उष्णतेनें अल्युमिनियम पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें पकड सैल होते. मग २१ मिलिमीटरचा बॉक्स पाना सरळ बसवून प्लग किंचित् सोडावा. अडल्यास थोडा परत आंवळावा, तेल घालावें, पुनः सोडावा.

आटे पुसून नवा प्लग आधीं हातानेंच फिरवावा. म्हणजे पुढील पिढीस हा खटाटोप पडणार नाहीं.