चालत्या घरातला गारवा

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली एक रात्र सांगतो. आईला घेऊन मी उत्तरेकडून आगगाडीने मुंबईला येत होतो. आई सत्तरीच्या पुढची, त्यात दम्याचा विकार. म्हणून मुद्दाम थंड हवेच्या डब्याची तिकिटे काढली होती. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी एका लहानशा स्टेशनाबाहेर उभी राहिली. पुढे मार्गात काही अडथळा होता. एक तास गेला, दोन गेले. तिसऱ्या तासाला छतातून येणारा वारा मंदावला आणि मग पार थांबला. साध्या डब्यात असतो तर खिडकी वर केली असती. इथे खिडक्यांच्या काचा कायमच्या बसवलेल्या. डब्यात साठ-पासष्ट माणसे, त्यांत लेकुरवाळ्या बायका. बघता बघता हवा जड झाली. आई उठून बसली आणि तोंडाने श्वास घेऊ लागली.

लोक डब्यातल्या मेकॅनिकवर ओरडू लागले. "तुमचं यंत्र बिघडलं, दुरुस्त करा!" तो पोरगा घामाने निथळत होता. म्हणाला, "साहेब, यंत्राला काही झालेलं नाही. चाक फिरेल तेव्हा हवा येईल." लोकांना ती थट्टा वाटली. खरे सांगायचे तर मलाही वाटली. त्याने दोन्ही टोकांची दारे उघडली आणि आम्ही आईला दारापाशी एका ट्रंकेवर बसवले. पहाटे गाडी हलली, आणि थोड्या वेळाने छतातून खरोखरच गार वारा येऊ लागला.

मी इतिहास शिकवणारा माणूस. विजेतले मला फारसे कळत नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या लालबागच्या चाळीत एक काका राहतात. लोअर परळला पश्चिम रेल्वेचा डब्यांचा मोठा कारखाना आहे, तिथे त्यांची उभी हयात तारा जोडण्यात गेली. मी त्यांना विचारले. ते हसून म्हणाले, "पोरगा बरोबर बोलला. मास्तर, लोक यंत्राकडे बघतात. यंत्र वर असतं. गोष्ट खालच्या तारेत असते." पुढे जे सांगतो आहे, त्यातले पुष्कळसे त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे.

प्रथम गारव्याची गोष्ट. मुंबईहून पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल 1928 साली सुरू झाली. 1934 साली तिच्या एका डब्यात हवा थंड ठेवण्याची सोय झाली, आणि ती सोय म्हणजे चक्क बर्फ! डब्याच्या तळाखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरायच्या, त्यांवरून पंख्याने हवा ढकलायची आणि ती आत सोडायची. वाटेत ठरावीक स्टेशनांवर वितळलेला बर्फ भरून काढायचा. तुम्हा-आम्हाला हे पोरकट वाटेल. पण आजही थंड हवेचे यंत्र विकत घेताना आपण 'दीड टनाचे' म्हणतो, तो टन बर्फाचाच आहे. 2000 पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात जरूर सांगावे. 'टन' म्हणजे यंत्राचे वजन, असे मुलांनाच काय, मोठ्यांनाही वाटते.

आता आजच्या डब्याचे पाहा. प्रत्येक डब्याच्या छतावर साधारण सात-सात टनांची दोन यंत्रे असतात. बर्फाने तेवढा गारवा द्यायचा झाला तर दिवसाला बारा हजार किलोंहून अधिक बर्फ लागेल. एवढे कशाला लागते? वर ऊन, खाली तापलेला रूळ, आणि आत माणसे. स्वस्थ बसलेला माणूसही शंभर वॉटच्या जुन्या दिव्याएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. चौसष्ट माणसे म्हणजे चौसष्ट दिवे अखंड पेटलेले.

ही यंत्रे चालवायला वीज लागते, आणि खरी कथा इथून सुरू होते. घराला वीज खांबावरून येते. चालत्या घराला कुठून आणायची? आमच्या जुन्या डब्यांत ती चाकापासून येई. चाकाच्या कण्याला पट्टे जोडून डब्याखाली एक यंत्र फिरवायचे; कारखान्यात त्याला अल्टरनेटर म्हणतात. त्यातून 110 व्होल्टची एकाच दिशेने वाहणारी वीज मिळे. गाडी उभी असताना काम चालावे म्हणून डब्याच्या पोटाशी दोन-दोन व्होल्टचे 56 बॅटरीचे घट मांडलेले असत. म्हणजे गाडी धावते तोवर चाक बॅटरी भरते, थांबली की बॅटरी यंत्राला पोसते. बॅटरी जुनी असली आणि गाडी फार वेळ उभी राहिली, की संपले! ती पूर्ण रिती होऊन नासू नये म्हणून यंत्र आधीच बंद पडते. त्या पोराचे वाक्य अक्षरशः खरे होते.

काका कामाला लागले तेव्हा थंड करणारे यंत्रही डब्याखालीच टांगलेले असे. ते 110 व्होल्टच्या मोटारीवर चाले. मोटारीत कार्बनचे तुकडे घासत असत, ते वारंवार झिजत. खालून वर गारवा नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या पंधरा ठिकाणी जोडलेल्या; गाडीच्या हादऱ्याने एखादा सांधा सैल झाला की आतला वायू निसटे. हा जुना वायू आकाशातल्या ओझोनच्या थराला घातक, म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर जगभर तो बाद करावा लागला. पुढे कारखान्यात नवी यंत्रे आली. मोटार, पंखा, नळ्या सारे एका पेटीत बंद. क्रेनने उचलायची आणि छतावर ठेवायची. वरवर पाहता काम सोपे झाले.

"पण पेटी ठेवायला लागायचा एक दिवस," काका म्हणाले, "आणि तारा बदलायला दिवसांमागून दिवस." कारण नवी पेटी मागत होती 415 व्होल्टची तीन फेजची वीज, आणि डब्यात होती 110 व्होल्टची एकाच दिशेची. मध्ये वीज पालटून देणारे इन्व्हर्टर बसवावे लागले. जुन्या तारांचे जाडजूड जुडगे उपसून काढावे लागले.

ते इतके जाड का असत, हे समजून घेण्यासारखे आहे. फळ्यावर हिशेब मांडा. दोन्ही यंत्रांना मिळून 20 किलोवॉट लागतात असे धरू. 110 व्होल्टवर तेवढी शक्ती न्यायची तर तारेतून सुमारे 180 अँपियर प्रवाह जायला हवा. 415 व्होल्टच्या तीन फेजवर तेच काम प्रत्येक तारेत 35 अँपियरच्या आसपास प्रवाहात होते. आणि प्रवाह दुप्पट झाला की तीच तार दुप्पट नव्हे, चौपट तापते. म्हणून कमी व्होल्टला जाड तार, जास्त व्होल्टला बारीक तार, पण तिच्यावरचे वेष्टण मात्र पक्के.

माझ्या खेड्यातल्या श्रोत्यांना हे वेगळे शिकवायला नको. विहिरीवर तीन हॉर्सपॉवरची मोटार होती, पाणी खाली गेले, पाचची आणली. खांबापासून विहिरीपर्यंतची केबल मात्र जुनीच ठेवली. ती कशाला बदला, चालतेय की! मग मोटार गुरगुरते, पाणी चढत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात ती जळते. आपण मोटार विकणाऱ्याला शिव्या देतो. शहरातही तेच चालले आहे. परळ-गिरगावच्या जुन्या चाळीत, जिथली तार एक पंखा आणि दोन दिव्यांसाठी टाकलेली, तिथे त्याच तारेवर दीड टनाचे यंत्र लटकवणारे मी पाहिले आहेत. लाकडी जिना, लाकडी तुळया, आणि भिंतीत तापलेली तार! यंत्रावरचे तारे मोजून घेतात, पण भिंतीतली तार कोणी पाहत नाही.

काकांचा एक नियम होता. तार ओढून झाली की ते प्रत्येक टोकाला क्रमांकाची लहानशी नळी चढवत, टोक दाबयंत्राने घट्ट आवळत, आणि हाताने ओढून बघत. "स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला तर काय होईल, सर?" असे एका उमेदवाराने विचारले होते म्हणे. काकांनी त्याला जुन्या डब्यातून काढलेले एक काळे पडलेले टोक दाखवले. सैल सांध्यात वीज अडखळते, सांधा तापतो, वेष्टण करपते. घरात असे झाले तर माणूस पळून तरी जाईल. बंद काचांच्या धावत्या डब्यात रात्री दोन वाजता कुठे जाईल? म्हणून वेष्टण तपासणारे मेगर यंत्र लावून आकडा पाहिल्याशिवाय काका सही करीत नसत. या सहीपायी वरिष्ठांशी त्यांचे एक-दोनदा वाजलेही. डबा आज सुटायला हवा, असे वरून सांगणे असे. काका म्हणत, "सोडा. सही तुम्ही करा." मग डबा एक दिवस थांबे.

चाकावरची वीज एकेका डब्यापुरती ठीक. पण सारी गाडीच थंड हवेची असेल तर? मुंबईहून दिल्लीला राजधानी 1972 साली सुरू झाली. अशा गाड्यांना टोकाला डिझेलवर चालणारे जनरेटरचे डबे जोडू लागले. त्यांतून वीज सगळ्या डब्यांत फिरते. पुढे नव्या बनावटीच्या डब्यांत ती 750 व्होल्टवर नेऊ लागले. ही वीज चाकावर अवलंबून नाही. पण जनरेटरच्या डब्याचा तो धडधडाट आणि धूर! त्याच्याशेजारच्या डब्यात ज्याने रात्र काढली आहे त्यालाच ठाऊक. गंमत अशी की, गाडीच्या डोक्यावरून 25,000 व्होल्टची तार चालली आहे आणि खाली आपण डिझेल जाळतो आहोत.

गेल्या काही वर्षांत हे बदलले. आता वरच्या तारेतली वीज इंजिनातच 750 व्होल्टची करून मागच्या डब्यांना देतात. मुंबईला मात्र यासाठी आधी आपली जुनी तार बदलावी लागली. 1925 साली इथे विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्टच्या एकदिश विजेवर, आणि पुढली ऐंशी-नव्वद वर्षे उपनगरी मार्ग त्याच विजेवर चालले. बाहेरून येणाऱ्या गाड्यांना दोन्ही प्रकारांवर चालणारी खास इंजिने लागत. पश्चिम रेल्वेवर 2012 साली आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर 2015 साली हे रूपांतर पुरे झाले. लोकल बंद न ठेवता, रात्रीच्या दोन-तीन तासांत थोडे थोडे करून केलेले ते काम होते. दादरच्या पुलावरून जाणाऱ्या लाखो लोकांना त्याचा पत्ताही लागला नाही. 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून चर्चगेटकडे थंड हवेची पहिली लोकल निघाली, तेव्हा हार तिला घातले गेले. तारेला कोण हार घालतो?

काका निवृत्त झाले आहेत. मागच्या दिवाळीत आईला बहिणीकडे पोहोचवायला निघालो, तेव्हा ते स्टेशनवर आले होते. सामान ठेवून झाल्यावर ते वाकून डब्याखाली बघू लागले. मी विचारले, "काय बघताय काका?" म्हणाले, "पट्टा नाही. ह्याला इंजिनातून वीज आहे. आजी, आता गाडी उभी राहिली तरी हवा येईल."

आईने मान डोलावली. पण ती वेताचा विंझणा पिशवीतून काढून ठेवायला तयार झाली नाही.