दुसऱ्या बाळंतपणाचें भय



बाळंतपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म, असें आपण सहज म्हणून जातों; परंतु पुनर्जन्म म्हटला कीं त्याच्या अलीकडे मरणाची छाया आलीच, हें ध्यानांत घेत नाहीं. जिनें ती छाया प्रत्यक्ष पाहिली, म्हणजे जिला अतिरक्तस्राव झाला, जिच्यावर ऐनवेळीं शस्त्रक्रिया करावी लागली, किंवा जिचें मूल हातीं लागलें नाहीं, तिला पुन्हां दिवस राहिले म्हणजे घरांत आनंद होतो आणि तिची मात्र झोप उडते.

हें भय म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. प्रसूतीच्या अशा तीव्र भयाला २००० सालीं वैद्यकांत ‘टोकोफोबिया’ असें नांव मिळालें. रुग्णालयाचा वास येतांच छाती धडधडणें, तीच रात्र स्वप्नांत पुनःपुन्हां दिसणें, तपासणी टाळणें, या गोष्टींकडे घरच्यांनीं लक्ष द्यावें.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें मूल, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असतां, दहा दिवसांचें होऊन गेलें. त्या दुःखानेंच त्यांना वैद्यकाकडे वळविलें. १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधाला विषयही प्रसूतिशास्त्राचाच निवडला. प्रत्येकीच्या दुःखाला अशी वाट मिळत नाहीं. ती घरच्यांनीं करून द्यावी लागते.

ती कशी? पहिली गोष्ट, ‘झालें गेलें विसर’ हें सांत्वन बंद करावें. त्यानें बोलणाराचें समाधान होतें आणि ऐकणारीचें तोंड मिटतें. त्याऐवजीं ‘त्या दिवशीं काय झालें, सांगतेस का?’ एवढें विचारावें, आणि ती सांगेल तितकें मध्यें न बोलतां ऐकावें. सांगावयाचें नसेल तर आग्रह नको.

दुसरी गोष्ट, मागील बाळंतपणाचे कागद घेऊन आरंभींच डॉक्टरांकडे जावें. काय घडलें, कां घडलें, पुन्हां घडण्याचा संभव किती, हें तिच्यादेखत समजावून घ्यावें. एकदां शस्त्रक्रिया झाली म्हणजे पुढें प्रत्येक वेळीं ती अटळच, असें नाहीं. तो निर्णय तज्ज्ञांनीं जुना छेद व प्रकृति पाहून आणि तिचें मत घेऊन करावा. मात्र अशी प्रसूति शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांतच व्हावी.

तिसरी गोष्ट सोबतीची. आपल्या केंद्र सरकारनें २०१६ सालीं सरकारी रुग्णालयांत प्रसूतिसमयीं सोबतीण ठेवण्यास अनुमति दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१८ सालीं, स्त्रीनें स्वतः निवडलेलें माणूस तिच्याजवळ असावें, अशी शिफारस केली. रुग्णालयाचा नियम काय, हें आधींच विचारून ठेवावें. तपासणीपूर्वीं आपल्याला सांगावें, ही तिची इच्छाही तेथील परिचारिकांच्या कानावर घालावी.

चौथी गोष्ट पतीची. दाराबाहेर बाकावर बसून त्यानेंही ती रात्र काढलेली असते. त्याला धीर देण्याचें काम सर्वच सांगतात. त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. वडिलधाऱ्यांनीं ती करावी.

डोहाळजेवणासारखे समारंभही तिला विचारूनच करावेत. एवढें करूनही भय हटलें नाहीं, किंवा बाळंतपणानंतर तिचें मन बाळांत रमेनासें झालें, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

सासरच्या व माहेरच्या मंडळींस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, तिचें भय तुम्हांला काढून घेतां येणार नाहीं. परंतु तें तिनें एकटीनें वाहूं नये, एवढी व्यवस्था आपल्या हातांत खास आहे.